दोन खटक्यांमधलं तिकीट

हॉलमधल्या ड्रमवाल्यानं त्याचं नाव ‘एकबोट्या’ ठेवलं, त्याला आता तीस वर्षं झाली. ठेवणारा गेला, हॉलही बंद पडला, पण नाव काही गेलं नाही. नाव खोटं होतं असंही नाही. त्याचं वाद्यच तसं होतं. त्यातून एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या दाबा, चार दाबा, कोपर टेकवून दहा दाबा, वाजणार एकच. बाकीच्या वादकांना दहा बोटं पुरायची नाहीत आणि हा बुवा उजव्या हाताचं एक बोट इकडून तिकडे फिरवत बसायचा. डावा हात कायम खटक्यांवर. “याची नऊ बोटं घरी राहिली तरी कार्यक्रम होईल,” असं ड्रमवाला म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

वाद्य म्हणजे सिंथेसायझर, पण शब्द मोठा आणि वस्तू लहान. घरात त्याला सगळे डबाच म्हणत. सदतीस पट्ट्या, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, आणि पट्ट्यांच्या खालच्या अंगाला, वाजवणाऱ्याच्या पोटाकडे, दहा रंगीत खटके. प्रत्येक खटक्यावर एकेका वाद्याचं नाव. बासरी, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, व्हायोलिन वगैरे. कारखान्यात बसून कुणीतरी ठरवून ठेवलेले दहा आवाज. आपण फक्त खटका दाबायचा. त्यातली बासरी अगदीच बासरीसारखी नव्हती आणि ट्रंपेटला तर जन्मजात सर्दी होती. पण सगळा बँड बोंबलत असताना तो एकटा सूर बरोबर वाट काढून शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. शिवाय पट्टी जरा जोर देऊन दाबली की सूर थरथरायचा, माणसाचा थरथरतो तसा. त्या थरथरीवर एकबोट्याचा जीव होता.

डब्याचे नखरे मात्र फार. चालू केल्यावर अर्धा तास तापू द्यावा लागे, तोवर सूर जागेवर राहात नसे. आणि स्मरणशक्ती शून्य. आज पट्ट्यांच्या वरच्या सरकत्या दांड्या हलवून एखादा गोड आवाज सापडला, तर तो साठवून ठेवायची काही सोय नाही. दांडी हलली की आवाज गेला. पुढे तरुण पोरं शंभर-शंभर आवाजांचे कीबोर्ड घेऊन आली आणि डब्याकडे बघून दात काढायला लागली. एकबोट्यानं कधी वाद घातला नाही. त्याच्या डब्यात एक अकरावा आवाज होता, तो कुणाच्याच कीबोर्डात नव्हता, आणि त्याबद्दल बोलायची त्याला बंदी होती. बंदी त्यानं स्वतःच घालून घेतली होती.

झालं होतं असं. त्याची बायको त्याच हॉलमध्ये गायची. शनिवार-रविवारी संध्याकाळी कार्यक्रम, आणि शेवटचं गाणं ठरलेलं. त्या गाण्याच्या अगदी शेवटी एक सूर होता. उंच, एकटा आणि लांब. त्या सुरासाठी लोक बस चुकवायचे. तिसऱ्या वर्षी तिच्या घशाला सूज आली. सूज उतरली, आवाज परत आला, पण तो वरचा सूर आला नाही. तिथं पोचली की तोंडातून नुसती हवा. हॉलचा मॅनेजर माणूस वाईट नव्हता, पण त्याला एका वाक्यापलीकडे बोलता यायचं नाही. तो म्हणाला, “सूर नाही तर गाणं नाही.” गाणं नाही म्हणजे तीही नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही इतकंच. घरी येऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि नळ सोडून रडली, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.

एकबोट्या नऊ दिवस डब्यापाशी बसला. खटके असे होते की एक दाबला की आधीचा टक्कन वर यायचा. पण बासरी आणि ट्रॉम्बोन हे शेजारी-शेजारी होते, आणि ते दोन्ही एकाच वेळी अर्धे अर्धे दाबले तर अडकून राहायचे. मग भलताच आवाज यायचा, ना बासरी ना ट्रॉम्बोन, कारखान्यालाही ठाऊक नसलेला. हात काढला की खटके सुटायचे. त्यानं खिशातलं बसचं तिकीट काढलं, घड्या घातल्या आणि दोन खटक्यांमधल्या फटीत कोंबलं. सुराची धार कमी-जास्त करणारी दांडी आगकाडीच्या तुकड्यानं एका जागी अडवली. आतला एक बारका स्क्रू केसभर फिरवला, तेव्हा सुरामागे श्वास घेतल्यासारखी हवा यायला लागली. नवव्या दिवशी दुपारी त्यानं वरची पट्टी दाबली आणि बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“अहो,” ती म्हणाली, “मी तर गप्प आहे.”

त्यानंतर व्यवस्था बसली ती अशी. गाणं तीच गायची, स्वतःच्या गळ्यानं, शेवटून दुसऱ्या सुरापर्यंत. शेवटच्या सुराला माइक ओठांशी घ्यायची, डोळे मिटायची, तोंड उघडायची, आणि एकबोट्या खाली वाकून पट्टी दाबायचा. मेख एवढीच की सूर कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा, हे दोघांचं एका क्षणी जमायला हवं. तोंड मिटलं आणि सूर चालूच राहिला तर पितळ उघडं. म्हणून बाजूच्या पडद्याआड, दोघांनाही दिसेल अशा जागी, तिची थोरली बहीण उभी राहायची. ताई शिवणकाम करायच्या. त्यांना गाणं म्हणता यायचं नाही, पण कान फार तिखट, आणि जीभ कानाहून तिखट. ताईंचा उजवा हात स्वतःच्या गळ्याला लागला की सूर सुरू. हात खाली आला की यानं बोट उचलायचं आणि तिनं तोंड मिटायचं. पुढेपुढे तर ताईंना हात उचलावा लागत नसे. तो सूर कानावर पडतो न पडतो तोच हात आपसूक गळ्याशी जायचा.

एकोणीस वर्षं हे चाललं. कुणाला संशयसुद्धा आला नाही. सूर लागला की लोक टाळ्यांचा पाऊस पाडायचे आणि ती मिटल्या डोळ्यांनी उभी असायची. त्या टाळ्या कुणाच्या, हा प्रश्न घरात कधी निघाला नाही.

हॉल बंद पडल्यावरही गाणं बंद पडलं नाही. ती दुपारी काहीतरी निवडत, चिरत बसायची आणि गुणगुणत शेवटापाशी आली की ओरडायची, “अहो, लावा!” मग तो बाहेरच्या खोलीतून वरचा सूर लावायचा. एका गाण्यात दोन माणसं आणि मधे भिंत. त्यासाठी डबा रोज चारलाच तापत ठेवलेला असायचा.

चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. छातीचं दुखणं, तीन आठवडे दवाखाना, आणि एका मंगळवारी सकाळी खाट रिकामी. त्यानंतरही एकबोट्या रोज चारला डबा चालू करायचा आणि साडेचारला वरची पट्टी एकदा, एकदाच, दाबायचा. लोक म्हणतात तशी शांती-बिंती त्याला मिळत नव्हती. त्या सात-आठ सेकंदांपुरती ती स्वयंपाकघरात असायची, बस्स. बाकीचा दिवस त्या सात-आठ सेकंदांच्या जिवावर ढकलायचा. दिवस ढकलता येतो, हे त्याला तेव्हा कळलं.

आणि मग ती पट्टी मेली. सदतीसांतली नेमकी तीच. आधी दोनदा अडखळली, मग मुकी झाली. शेजारच्या पट्ट्या ठणठणीत. दैवाला सुद्धा नेम धरता येतो म्हणायचं.

जुनी वाद्यं आणि रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री बाजारामागच्या गल्लीत बसायचा. काउंटरवर डबा ठेवला तेव्हा मिस्त्रीनं आधी डब्याकडे बघितलं, मग डोळ्याचं भिंग वर करून एकबोट्याकडे.

“अहो, तुम्ही तर बाईंच्या शेजारी बसायचात!” तो म्हणाला. “मी तिसऱ्या रांगेत. लग्नाआधी एकटा यायचो, लग्नानंतर बायकोला घेऊन. बायको म्हणायची, त्या बाईंशीच का नाही केलंत लग्न?”

एकबोट्या हसला. “ही एक पट्टी बघा. बाकी ठीक आहे.”

“पट्टी होईल हो. पण तो शेवटचा सूर! माणसाच्या गळ्यातून तसा सूर येतोच कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आता बाई गेल्या, आता कुणाला विचारणार?” मिस्त्रीनं खरोखरच उसासा टाकला. “एक विचारू का? तो सूर लागला की तुम्ही नेहमी खाली वाकायचात. ते का?”

“मान दुखायची,” एकबोट्या म्हणाला.

“आणि तुम्ही त्या वेळी वाजवत काय होतात? मी पुष्कळ कान द्यायचो. मला बाईंशिवाय काही ऐकूच यायचं नाही.”

“तेव्हा मी थांबायचो. पट्टी कधी होईल?”

“तीन दिवस द्या. उघडतोच आहे तर सगळं साफ करू ना? आत काही मुद्दाम बसवलेलं, जपायचं असं आहे का? जुन्या वस्तूंत लोक काहीबाही करून ठेवतात, म्हणून विचारतो.”

आता बघा. माणसानं किती नीट विचारलं. एक वाक्य पुरलं असतं: खटक्यांमधल्या तिकिटाला हात लावू नका. पण मग मिस्त्री विचारणार, तिकीट कशाला? आणि आवाज ओळखणं हा तर त्याचा धंदाच. पट्टी जोडून एकदा दाबली असती की तिसऱ्या रांगेतली सगळी वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत खोटी झाली असती. ती जिवंत असती तर तिनं निदान तोंडावर उत्तर दिलं असतं. झाकली मूठ, आणि तीही मेलेल्या माणसाची. ती उघडायला एकबोट्याचं मन होईना. शिवाय त्याला वाटलं, पट्टीचं दुखणं पट्टीखालीच निघेल, खटक्यांपर्यंत कोण जातंय. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या प्रश्नांपासून लवकर पळायचं होतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “सगळं अगदी नव्यासारखं करा.”

मिस्त्रीनं शब्द पाळला. कामचुकार माणूस भेटला असता तर एकबोट्या वाचला असता, पण नशिबात आला तो बाईंचा भक्त. तीन दिवसांनी डबा काउंटरवर आला तेव्हा ओळखू येत नव्हता. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र, दांड्या लोण्यासारख्या सरकणाऱ्या. मिस्त्रीनं एकेक खटका दाबून दहाही आवाज वाजवून दाखवले. प्रत्येक खटका टक्कन बसत होता, टक्कन उठत होता.

“आतले सगळे स्क्रू भलतीकडे फिरले होते, जागेवर आणले. कमकुवत झालेले भाग बदलले. तीस वर्षांत याला असं कुणी बघितलं नसेल. आणि हे घ्या, आतला कचरा.” त्यानं एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. “कुणा पोरानं कोंबलेलं असणार. आगकाडी, आणि हे बघा, बसचं तिकीट! उलगडून बघितलं, पण आकडेही पुसलेत.”

मजुरी त्यानं घेतली नाही. बाईंसाठी केलं म्हणाला.

पिशवीतलं तिकीट सपाट होतं. घड्यांच्या जागी पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, पण सगळ्याच दिशांना. एकबोट्यानं घरी जाऊन त्या रेघांवरून घड्या घालून बघितल्या, फटीत सरकवलं, तिकीट आत पडलं. जाड घडी घातली, खटके अडले पण दोन्ही पूर्ण दाबले गेले. काडीच्या तुकड्याची जागा हातानं चाचपून लावली. पट्टी दाबली. काहीतरी वाजलं.

आणि काय वाजलं ते त्याला नीट कळेना. ही दुसरी आपत्ती त्या दिवशी उघडकीला आली. बावीस वर्षं ड्रमच्या शेजारी बसून त्याचा डावा कान गेलेलाच होता. उजव्या कानालाही वरचं, बारीक, हवेसारखं काही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण तो सूर त्याला पाठ होता. बोट पट्टीवर पडलं की उरलेलं मन भरून काढायचं. आता भरून काढायला काही नव्हतं. त्याला दोन निरनिराळे आवाज सारखेच वाटत होते.

खालच्या मजल्यावर ताई राहायच्या. आता सत्तरीच्या होत्या, गुडघे बोलायला लागले होते, पण मशीन सुटलं नव्हतं. दिवसभर त्यांच्या मशीनची धडधड एकबोट्याला पायाखाली जाणवायची. तो खाली गेला आणि सगळं सांगितलं. ताईंनी सुई दातात धरून ऐकून घेतलं.

“तुमच्या तोंडाला कुलूप लागलं होतं का हो तिथं?” त्या म्हणाल्या. “भुताला भिणाऱ्यासारखे मिस्त्रीला भ्यालात!”

“तिचं नाव गेलं असतं, ताई.”

“नाव राहिलं आणि आवाज गेला. वा!” मग त्यांनी त्याचा चेहरा बघितला आणि सुई उशीला टोचली. “चला. बघू या.”

तेव्हापासून रोज साडेचारला ताई बावीस पायऱ्या चढून वर यायच्या, कठड्याला आणि देवाला नावं ठेवत. दारालगतच्या खुर्चीत बसायच्या, पिशवी मांडीवर. एकबोट्यानं सकाळपासून काहीतरी जुळवून ठेवलेलं असायचं. तो पट्टी दाबायचा. ताईंचा हात पिशवीवरच असायचा, आणि ताई म्हणायच्या, “नाही.”

त्यांचं नाही म्हणणं तरी एका तऱ्हेचं होतं का! “हा डास आहे.” “हिला कुणी चिमटा काढलाय का?” “हा गिरणीचा भोंगा, मला कामावर जावंसं वाटायला लागलं.” पहिले काही दिवस दोघंही हसले. सहाव्या दिवशी ताई खुर्चीत जरा पुढे सरकल्या, त्यांचा हात पिशवीवरून वीतभर उचलला गेला आणि तिथंच थांबला. “थांबा,” त्या म्हणाल्या. “तिला ताप असताना... नाही, पण जवळ आहे. पुन्हा लावा.” त्यानं पुन्हा पट्टी दाबली. तोवर डबा आणखी तापला होता, सूर चिमूटभर सरकला होता, आणि हात पिशवीवर परत गेला. त्या दिवशी रात्री तो जेवला नाही. इतक्या जवळ जाऊन परत येण्यापेक्षा जवळ गेलो नसतो तर बरं, असं त्याला वाटलं.

मग तो पुन्हा मिस्त्रीकडे गेला. कोणता स्क्रू किती फिरवला, एवढंच विचारायचं होतं.

“सगळे बरोबर जागी आणले,” मिस्त्री म्हणाला.

“आधी कुठं होते?”

“चुकीच्या जागी होते.”

“पण किती चुकीच्या?”

मिस्त्री बुचकळ्यात पडला. “साहेब, बरोबर किती ते मी लिहून ठेवतो. चूक किती होती ते कोण लिहून ठेवतं?”

बरोबरच होतं त्याचं. एकबोट्या उठणार, तेवढ्यात मिस्त्रीला काहीतरी आठवलं. त्यानं खणातून एक कॅसेट काढली. तिसऱ्या रांगेत मांडीवर यंत्र ठेवून त्यानं एकदा सगळा कार्यक्रम भरून घेतला होता. सूर कुठंतरी शिल्लक असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कॅसेट लागली. खोकला, खुर्च्यांची करकर, आणि मग ती. ती गात होती. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा. शेवटून तिसरा सूर, दुसरा सूर, आणि एकदम टाळ्या. नुसत्या टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. लोक नेहमीच सूर लागल्या क्षणी टाळ्या वाजवायचे, त्या तशाच वाजल्या आणि सूर त्यांच्याखाली बुडून गेला. मिस्त्री डोळे मिटून मान डोलावत होता.

“ऐकलंत? असा सूर पुन्हा होणे नाही.”

या वेळी तरी सांगावं, असं एकबोट्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांकडे बघून त्यानं ते गिळलं. आपण वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी राबलो ते हेच, हा चेहरा. तो तरी का मोडायचा?

सोळाव्या दिवशी ताई वर आल्या त्याच दमलेल्या. कठड्याला नावं ठेवली नव्हती. त्यानं पट्टी दाबली, त्यांनी मान हलवली. त्यानं दांडी सरकवली, पुन्हा दाबली. पुन्हा नाही. सातव्यांदा त्यानं हात पुढे केला तेव्हा ताई म्हणाल्या, “पुरे.”

तो थांबला.

“भावोजी, माझं ऐका. दवाखान्यात ती एकदा गेली. इथं रोज जाते. तुम्ही पट्टी दाबता, मला वाटतं आली, आणि मला नाही म्हणावं लागतं. माझ्याच तोंडानं. किती वेळा म्हणू मी?” त्यांचा आवाज फाटला. ताईंना रडताना त्यानं अंत्ययात्रेतही बघितलं नव्हतं.

“एवढंच राहिलंय हो, ताई. हे गेलं तर काही राहात नाही.”

ताई म्हणाल्या, “तिचा खरा सूर आठवतो तुम्हाला? सूज यायच्या आधीचा? तिच्या गळ्यातला?”

एकबोट्यानं डोळे मिटले. तीन वर्षं तो सूर तिनं स्वतः लावला होता. लग्न झालं त्या आठवड्यातही लावला होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर. तो शोधत मागे मागे गेला, आणि प्रत्येक वेळी तिथं डबाच वाजत होता. एकोणीस वर्षांनी त्या तीन वर्षांवर बोळा फिरवला होता, आणि तो त्यानंच फिरवला होता.

“नाही,” तो म्हणाला.

“मलाही नाही,” ताई म्हणाल्या, आणि उठून खाली गेल्या.

त्या पुन्हा येणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी साडेचारला पायऱ्यांवर पावलं वाजली. ताई खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीच्या बंदांवर. एकबोट्यानं सकाळपासून खपून जे काही जमवलं होतं ते लावलं आणि पट्टी दाबली.

“हेच,” ताई म्हणाल्या.

त्यानं मान वर केली. बोट पट्टीवरच होतं, सूर चालू होता.

“हेच हो, भावोजी. अगदी हेच. सापडली.” त्या त्याच्याकडे बघून हसत होत्या. जन्मात कधी खोटं न बोललेलं माणूस खोटं बोलायला लागलं की फार छान हसतं. एकबोट्या त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. तो त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात पिशवीचा बंद धरून होता.

तो काय बघतोय हे ताईंना कळलं. त्यांनी बंद सोडला आणि हात गळ्याशी नेला. एकोणीस वर्षांत तो हात कधीही उशिरा गेला नव्हता.

एकबोट्यानं पट्टी दाबूनच ठेवली, जरा जोर देऊन, थरथर यावी म्हणून. ताईंचा हात खाली आला तेव्हा त्यानं बोट उचललं.

“बरं झालं, ताई,” तो म्हणाला. “तुमचा कान होता म्हणून सापडलं. आता उद्यापासून तुम्हाला जिने नकोत.”

“नकोत ना?” ताईंनी विचारलं. त्या विचारण्यात केवढी सुटका होती! “मग मी खालूनच ऐकत जाईन. ऐकू येतं मला खाली.”

“ऐका की. रोज साडेचारला.”

त्या गेल्यावर त्यानं चिकटपट्टीचं रीळ आणलं. तिकीट, काडी, खटके, दांड्या, जिथं होतं तिथं सगळं चिकटवून टाकलं, ताईंनी हो म्हटल्याप्रमाणे. नीट, हवा जाणार नाही असं. आता शोधणं संपलं होतं. शोधायचा हक्कच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला त्यानं डबा चालू केला. मनात नव्हतं. पायाखाली ताईंच्या मशीनची धडधड चालू होती. साडेचार वाजले आणि धडधड थांबली. खाली ताई कान देऊन बसल्या होत्या. आज सूर वाजला नसता तर आपलं खोटं पकडलं गेल्याचं त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. म्हणजे आजही वाजवायचं, उद्याही, ताई आहेत तोवर रोज. कुणा परक्याचा सूर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बोटानं.

त्यानं पट्टी दाबली. सूर निघाला आणि वाजत राहिला. डब्याचं तसंच असतं, बोट दाबलेलं आहे तोवर सूर वाजतो, त्याला दम लागत नाही. एकबोट्यानं सवयीनं दाराकडच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. खाली हात गळ्याशी होता की मांडीवर, ते वरून दिसायला काही मार्ग नव्हता. तो तसाच बोट दाबून बसून राहिला, कारण ते कधी उचलायचं हे त्याला सांगायला कुणी नव्हतं.